गाडीमागचे घर : आधी वजन, मग पलंग

बेळगावच्या खासबागेतून सुट्टीला निघणाऱ्या कुटुंबांची ठिकाणे साधारण ठरलेली असतात. मालवण-तारकर्ली, वेंगुर्ला, गोवा, दांडेली, नाहीतर सौंदत्ती करून पुढे बदामी. अडचणही ठरलेलीच असते. मे महिन्यात किंवा दिवाळीत खोल्या मिळत नाहीत, मिळाल्या तर दोन घ्याव्या लागतात आणि आजी-आजोबांना जिना चढवत नाही. मग कोणीतरी मोबाईलवर परदेशातली एखादी गोंडस कॅराव्हॅन पाहते आणि प्रश्न निघतो : आपल्या गाडीला मागे जोडून नेता येईल असा छोटा कॅम्पर का घेऊ नये? पाठोपाठ उपप्रश्न येतात. चार जण झोपतील का, एसी बसेल का, संडास आत आहे का, किंमत किती? ‘आपली गाडी तो ओढेल का’ हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो, तोही विकणाऱ्याला विचारला जातो. या प्रकरणात तो प्रश्न पहिला घेतला आहे, कारण बाकीच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे त्याच्या उत्तरातूनच निघतात. आपल्या भागात कॅम्पर आधी वजनावर निवडावा लागतो. पलंग किती आणि एसी कुठे, ते नंतर बघायचे.

१. इंजिन असलेला आणि नसलेला

आपल्याकडे कॅराव्हॅन म्हटले की स्वतःचे इंजिन असलेली गाडी डोळ्यांसमोर येते. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, केरळने त्याच वर्षी ‘केरावन केरल’ सुरू केले. दोन्हीकडे भर अशा गाड्यांवरच आहे. ओढायच्या कॅम्परला इंजिन नसते. चाकांवरची खोली, पुढे लोखंडी दांडा, दांड्याच्या टोकाला कपलिंग आणि ते गाडीच्या मागच्या गोल हूकवर बसवायचे. मोठा फायदा एकच, पण तो खरा आहे. तारकर्लीला खोली उभी करून ठेवायची आणि मासे आणायला मालवणच्या बाजारात नुसती गाडी घेऊन जायचे. इंजिनवाल्या कॅराव्हॅनला मासळीसाठीही अख्खे घर हलवावे लागते.

हलक्या कॅम्परचा इतिहास पाहिला तर तो श्रीमंतांच्या हौसेपेक्षा कमी ताकदीच्या गाड्यांनी घडवलेला दिसतो. पूर्व जर्मनीत ट्राबांट नावाची २६ अश्वशक्तीची गाडी घरोघरी होती. तिच्यामागे चालावा म्हणून क्यूईके ज्युनिअर नावाचा कॅम्पर बनला. त्याचे रिकामे वजन सुमारे ३०० किलो. कॅनडात विनिपेग शहरात १९६८ साली रे ओलेको याने फायबरग्लासचा १३ फुटी ‘बोलर’ काढला. त्यात चौघे झोपत आणि रिकामा डबा ४०० किलोंच्या थोडा वर भरे. याच ओलेकोने त्याआधी फायबरग्लासची सेप्टिक टाकी बनवली होती. टाकी हलकी आणि न गळणारी होऊ शकते, तर खोली का नाही, असा तो सरळ हिशेब. आपल्या रस्त्यांवरची साधी हॅचबॅकसुद्धा ट्राबांटच्या दुप्पट-तिप्पट ताकदीची असते, म्हणून पुष्कळांना वाटते की आपली गाडी काहीही ओढेल. गफलत इथेच होते. गाडी हलवणे हे इंजिनाचे काम, पण ती थांबवणे आणि सरळ ठेवणे हे ब्रेक, चेसिस आणि मागच्या ॲक्सलचे काम आहे. म्हणून पहिले पाऊल शोरूममध्ये टाकू नका. स्वतःच्या गाडीची माहितीपुस्तिका उघडा आणि ओढण्याच्या वजनाचे पान शोधा. काही छोट्या गाड्यांच्या पुस्तिकेत ‘या गाडीने ट्रेलर ओढू नये’ असे स्वच्छ लिहिलेले असते. तसे असेल तर विषय तिथेच संपला. कोणत्याही गॅरेजवाल्याचे ‘काही होत नाही साहेब’ त्या वाक्यावर चालत नाही.

२. रिकामे, भरलेले आणि मधले

पुस्तिकेत आकडा मिळाला की कॅम्परची दोन वजने विचारा. एक रिकामे वजन, दुसरे कमाल भरलेले वजन. विकणारा पहिले सांगतो, रस्त्यावर आणि कायद्यात दुसरे चालते. दोहोंतला फरक म्हणजे सामानाची मुभा. भारतीय वर्गवारीत कमाल भरलेले वजन ७५० किलोपर्यंत असलेला ट्रेलर टी-१ गटात येतो, त्यापुढे साडेतीन टनांपर्यंत टी-२. युरोपातही सर्वात हलक्या गटाची सीमा ७५० किलोच आहे. घरगुती गाडीसाठी हीच रेघ पाळावी, असे माझे मत आहे.

आता एक उदाहरण करून पाहू. समजा कॅम्परचे रिकामे वजन ५२० किलो आणि कमाल ७५०, म्हणजे मुभा २३० किलोंची. पाण्याची ५० लिटरची टाकी म्हणजे ५० किलो. पाच किलोचा छोटा सिलिंडर, नळकांडे आणि शेगडी धरून १५. शंभर ॲम्पिअर-तासांची साधी बॅटरी ३०. बाजूला लावायचा तंबू २५, चौघांची अंथरुणे २०, भांडी आणि शिधा ३५, टेबल-खुर्च्या २०, जादा चाक १५. बेरीज २१० झाली. उरले २० किलो आणि अजून कोणाची कपड्यांची बॅगही चढलेली नाही. छतावरचा एसी सहज ३० किलोंच्या वर जातो. तो बसवला की तुम्ही रेघेपलीकडे गेलात. जो कॅम्पर जागेवर उभा असताना सगळ्या सोयींनी भरलेला दिसतो, त्यात पुष्कळदा तुमचे सामान चढवायला मुभाच उरलेली नसते. म्हणून नुसते रिकामे वजन कमी आहे यावर भुलू नका. रिकामे आणि कमाल यांतले अंतर दोनशे किलोंच्या खाली असेल तर चौघांच्या कुटुंबाने तो डबा घेऊ नये.

आणि कागदावरच्या आकड्यावर विश्वास ठेवायचे कारणही नाही. आपला मुलूख उसाचा, म्हणून बेळगावपासून निपाणीपर्यंत हमरस्त्याला वजनकाटे आहेत. कॅम्पर प्रवासाला निघतो तसा पूर्ण भरून काट्यावर घ्या, गाडी सोडवा आणि नुसत्या कॅम्परची पावती घ्या. पाच-दहा मिनिटांचे काम आहे.

३. हूकवर किती भार?

एकूण वजन ठरले तरी ते आत कुठे ठेवले यावर पुष्कळ काही अवलंबून असते. चिंचलीच्या मायाक्काला किंवा सौंदत्तीच्या यल्लम्माला बैलगाडीने जाणाऱ्यांना हे सांगावे लागत नाही. पोती मागे रचली की गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि बैलांचा ताबा सुटतो. सगळी पुढे रचली तर जू मानेवर बसते आणि बैल थकतात. जाणता गाडीवान जूवर थोडासाच दाब राहील असे ओझे लावतो. कॅम्परचे शास्त्र नेमके हेच आहे. फक्त बैलांची मान म्हणजे इथे गाडीचे मागचे ॲक्सल. भरलेल्या वजनाच्या साधारण ५ ते ७ टक्के भार हूकवर असावा, असा ब्रिटनमधला प्रघात आहे. म्हणजे ७०० किलोंच्या कॅम्परसाठी ३५ ते ५० किलो. अमेरिकेत १० ते १५ टक्के सांगतात, पण तिथल्या ओढणाऱ्या गाड्या दणकट असतात. आपल्या छोट्या गाड्यांच्या मागच्या स्प्रिंगांना ते झेपत नाही. गाडीच्या पुस्तिकेत हूकवरच्या भाराची वेगळी मर्यादा दिली असेल तर अर्थातच ती अंतिम.

हा भार मोजायला घरातला वजनाचा काटा पुरतो. सपाट जागेवर कॅम्परची चाके अडवा, काट्यावर हूकच्या उंचीचा लाकडी ठोकळा उभा करा आणि कपलिंग त्यावर टेकवा. आकडा कमी आला तर पाण्याचे कॅन आणि शिधा ॲक्सलच्या थोडे पुढे सरकवा. जास्त आला तर मागे, पण अगदी शेपटाला नाही. जड वस्तू जमिनीलगत आणि ॲक्सलच्या आसपास, हलक्या वर. शेपटाला सायकली टांगण्याची फॅशन दिसायला छान आहे आणि तोलाच्या दृष्टीने तितकीच वाईट. उलाळ झालेला कॅम्पर ताशी ५० ला शहाण्यासारखा चालतो आणि ८० च्या पुढे, विशेषतः शेजारून मोठा ट्रक वेगाने गेला की, डावी-उजवीकडे डोलू लागतो. हे झोके एकामागून एक वाढत जातात. अशा वेळी ब्रेकवर जोरात पाय देणे किंवा वेग वाढवून सावरू पाहणे, दोन्ही घातक. स्टिअरिंग सरळ धरून ॲक्सिलरेटर सोडायचा, एवढेच करायचे. निपाणी-बेळगाव हमरस्ता रुंद झाला आहे म्हणून वेगाचा मोह होतो. पण मागे घर असताना ८० हा आपला कळस समजावा.

४. घाटाची परीक्षा

बेळगाव पठारावर आहे आणि सुट्टीची निम्मी ठिकाणे समुद्राला. म्हणजे कोणत्याही वाटेने गेलात तरी घाट आलाच : शिनोळीवरून आंबोली, जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला, खानापूर-रामनगरवरून अनमोड. तिलारीचा घाट इतका तीव्र आहे की कॅम्पर घेऊन तिकडे वळूच नये. चढणीचा हिशेब सोपा आहे. समजा रस्ता १५ मीटरला १ मीटर चढतो. माणसांसह १,५०० किलोंच्या गाडीला तिथे १०० किलो वजन उचलण्याइतका जोर जास्तीचा लागतो. मागे ६०० किलोंचा कॅम्पर असेल तर १४०; १,२०० किलोंचा असेल तर १८०. शेवटच्या प्रकारात क्लच जळतो, इंजिन तापते आणि मागे वाहनांची रांग लागते.

पण चढण फक्त थकवते. खरा प्रश्न उतरणीचा आहे. भरलेला ७०० किलोंचा कॅम्पर ५०० मीटर खाली उतरतो तेव्हा जी ऊर्जा मोकळी होते, तिच्यात दहा लिटर पाणी उकळेल. कॅम्परला स्वतःचे ब्रेक नसतील तर ही सगळी जादा उष्णता तुमच्या गाडीच्या डिस्कांवर येते आणि त्या आधीच गाडीचे स्वतःचे वजन अडवून तापलेल्या असतात. युरोपात ७५० किलोंपर्यंतच्या ट्रेलरला ब्रेक नसले तरी चालते, असा आधार विक्रेते देतात. त्याच युरोपातल्या ब्रिटनमध्ये दुसरी अटही आहे, ती मात्र सांगितली जात नाही : बिनब्रेकचा ट्रेलर ओढणाऱ्या गाडीच्या निम्म्या वजनाहून जड असता कामा नये. आपली गाडी हजार किलोंची असेल तर ही सीमा ५०० वर येते. म्हणून घाट ओलांडणाऱ्या कुटुंबाने पाचशे किलोंच्या वरचा कॅम्पर ब्रेकशिवाय घेऊ नये, कायदा काहीही म्हणो. छोट्या कॅम्परला बहुधा ढकल-ब्रेक असतो. गाडी हळू झाली की कॅम्पर पुढे ढकलला जातो, त्या ढकलीनेच दांड्यातला सळईचा जोड सरकतो आणि ब्रेक लागतो. रचना साधी आहे, पण लांब उतारावर कॅम्पर सतत ढकलत राहतो, त्यामुळे हा ब्रेक सतत थोडा लागून तापतो. दुसऱ्या गिअरमध्ये उतरा, मध्ये थांबा. आंबोलीत जून ते सप्टेंबर पाऊस आणि धुके असते. त्या महिन्यांत कॅम्पर घाटात नेऊ नये, हे सांगायला तज्ज्ञ नको.

५. कोणता साचा?

बाजारात हलक्या कॅम्परचे ढोबळ तीन साचे आहेत. पहिला अश्रूच्या थेंबासारखा : आत फक्त गादी, मागचे झाकण उघडले की ओटा. अमेरिकेत १९३०च्या दशकात हा प्रकार रुजला आणि १९४७ मध्ये एका मासिकाने त्याचे आराखडे छापल्यावर लोकांनी तो घरोघरी बनवला. वजनाला सर्वात हलका, पण दोघांपुरता. दुसरा घडीचा : चालताना सपाट पेटी, मुक्कामी वर उघडणारा तंबू. चौघे झोपतात, वाऱ्याचा विरोध कमी. पण ओला झाला तर घरी आल्यावर वाळवावाच लागतो, नाहीतर बुरशी. तिसरा फायबरग्लासचा बंद डबा, काहींचे छत वर उचलता येते. पावसात सर्वात निर्धास्त आणि अर्थात सर्वात महाग. प्लायवूडचा डबा स्वस्त पडतो, पण सांध्यांतून पाणी शिरले की आतून कुजतो. बेळगावच्या पावसात चार महिने उघड्यावर उभा राहणारा प्लायवूड मी तरी सुचवणार नाही.

यावर पहिला आक्षेप येतो : आम्ही सहा जण आहोत, चौघांच्या डब्यात कसे मावणार? सहा जणांचा कॅम्पर घेतलात तर तो टनापलीकडे जातो आणि आधीची सगळी गणिते मोडतात. उत्तर तंबूत आहे. आजी-आजोबा आणि लहान मूल आत, जमिनीपासून वर, डासांच्या जाळीत. बाकीचे बाजूच्या तंबूत. झोपायला आत, रांधायला आणि बसायला बाहेर, ही विभागणी आपल्या हवेला मानवते. मात्र कॅम्पर चालू असताना आत कोणीही बसायचे नाही. जत्रेला ट्रॉलीत बसून जायची सवय असलेल्यांना हे जाचक वाटेल, पण आत ना पट्टा असतो ना बसण्याची जागा.

दुसरा प्रश्न ठेवायचा कुठे. खासबाग, वडगाव, शहापूर या विणकरवस्त्यांत घराला घर लागून आणि गल्लीत समोरासमोर दुचाक्या. दांड्यासह चार मीटर लांबी आणि गाडीच्या आरशांएवढी रुंदी, याच्या पुढे जाऊ नका. दांड्याखाली छोटे आधारचाक हवेच. गल्लीच्या तोंडाशी गाडी सोडवून दोघा-तिघांनी हाताने आत ढकलणे हा अनेकदा एकमेव मार्ग असतो. आखूड दांड्याचा कॅम्पर रिव्हर्समध्ये चटकन वाकडा होतो, हेही खरे. ढकलायलाही सपाट जागा नसेल, तर भाड्याची शेड आधी शोधा. चाके १३ इंचांच्या आतली नकोत. लहान चाक खड्ड्यात खोल जाते, वेगाने फिरते आणि बेअरिंग लवकर तापवते. गाडीच्याच मापाची चाके असतील तर उत्तम, एक जादा चाक दोघांना पुरते.

६. वीज, पाणी आणि संडास

एसीचे गणित एकदा मांडले की हट्ट आपोआप सुटतो. बारा व्होल्टची १०० ॲम्पिअर-तासांची बॅटरी म्हणजे १,२०० वॉट-तास. साध्या बॅटरीतून तिचे आयुष्य राखून निम्मेच वापरता येतात. हजार वॉटचा एसी त्यावर अर्धा तास-पस्तीस मिनिटे चालेल. तीस वॉटचा पंखा वीस तास. दोन जाळीच्या खिडक्या समोरासमोर आणि एक पंखा, हा हलक्या कॅम्परचा खरा एसी. छतावर सोलर पाटी लावली तर दिवे, पंखा आणि मोबाईल निभावतात. पाण्याची टाकी रिकामी नेऊन मुक्कामी भरली तर घाटात ५० किलो वाचतात.

संडासाचा आक्षेप मात्र हसण्यावारी नेऊ नये. ‘शेतात काय झाले’ असे म्हणणारे पुरुषच असतात. आत बांधलेले न्हाणीघर वजन आणि जागा दोन्ही खाते. पर्याय म्हणजे खाली बंद टाकी असलेले सुटे कमोड, ते ठेवायला छोटा उभा तंबू आणि रात्री फक्त त्याचाच वापर. टाकी रिकामी करायला मुक्कामी पक्के संडास हवेत. नदीत, धरणात किंवा झाडीत ती ओतणे हा गुन्हा समजावा. मुलीबाळींसह जायचे तर जिथे संडास नाही तिथे मुक्काम नाही, एवढा नियम पुरे.

७. आरटीओ आणि विमा

मोटार वाहन कायद्यात ‘मोटार वाहन’ या व्याख्येत ट्रेलरही येतो, म्हणून त्याची स्वतंत्र नोंदणी लागते. शिवाय कलम ६१ प्रमाणे ओढणाऱ्या गाडीचा क्रमांक ट्रेलरच्या मागे दिसला पाहिजे. केए-२२ ची गाडी असेल तर तोच क्रमांक डब्याच्या पाठीवर. ‘उद्यमबागेत एवढी वर्कशॉप आहेत, आपणच का बनवून घेऊ नये?’ हा बेळगावकरांचा स्वाभाविक प्रश्न आहे, कारण इथले कारागीर काय वाट्टेल ते घडवतात. अडचण कौशल्याची नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या नियम १२६ प्रमाणे नमुन्याची पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत चाचणी व्हावी लागते. ती एका घरगुती डब्यासाठी परवडत नाही आणि तिच्याशिवाय नोंदणीची आशा करू नये. म्हणून मंजुरीचे प्रमाणपत्र असलेल्या उत्पादकाकडूनच घ्या. परवान्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये नागशेट्टी खटल्यात म्हटले होते, की ट्रेलर जोडला म्हणून ट्रॅक्टर चालवण्याचा परवाना निरुपयोगी ठरत नाही. तो खटला ट्रॅक्टरचा होता, तुमची मोटार आहे. तेव्हा हूक बसवण्यापूर्वी आरटीओ आणि विमा कंपनी या दोघांकडून लेखी उत्तर घ्या.

मुक्कामाची जागाही कायद्यातच मोडते. गोव्याच्या पर्यटन खात्याने २०२२ मध्ये काढलेल्या आदेशात उघड्यावर स्वयंपाक करणे आणि किनाऱ्यावर वाहन नेणे दंडनीय ठरवले आहे. खानापूर तालुक्यात भीमगड अभयारण्य आहे. तिथे परवानगीशिवाय रस्त्याकडेला तळ ठोकता येणार नाही. त्यामुळे रिसॉर्टचे आवार, होमस्टेचे अंगण किंवा ओळखीच्या शेतातली खळ्याची जागा, हेच व्यवहार्य मुक्काम. निघण्यापूर्वी फोन करून फाटकाची रुंदी विचारा.

८. घ्यावा की नाही?

शेवटी पैशाचा हिशेब. समजा कॅम्परला पाच लाख पडले आणि तो दहा वर्षे टिकला. वर्षाला ५० हजार. विमा, टायर, देखभाल, ठेवण्याचे भाडे मिळून आणखी १५ हजार. एकूण ६५ हजार. वर्षात दहाच रात्री वापरलात तर एक रात्र साडेसहा हजारांना पडली. तीस रात्री वापरलात तर सुमारे २,१७० रुपयांना. तुम्ही एरवी दोन खोल्यांना चार हजार देत असाल, तर वर्षात सतरा रात्रींच्या खाली कॅम्पर तोट्यात आहे. पावसाचे चार महिने वजा केले, मुलांच्या परीक्षा वजा केल्या, की सतरा रात्री काढणे बहुतेक नोकरदार कुटुंबांना जड जाते. ‘हौसेला मोल नसते’ हे उत्तर मान्य, पण मग तो खर्च हौसेच्या खात्यात लिहा, बचतीच्या नको.

माझा निवाडा असा. वर्षाला वीस रात्रींहून कमी बाहेर राहणाऱ्यांनी घेऊ नये; तंबू आणि गाडीवरचा कॅरिअर पुरेसा आहे. जे जास्त राहतात आणि ज्यांच्या गाडीची पुस्तिका परवानगी देते, त्यांनी भरलेले वजन ७५० किलोंच्या आत, मुभा दोनशे किलोंच्या वर, ढकल-ब्रेक असलेला फायबरचा किंवा घडीचा डबा घ्यावा. आणि घेतल्यावर पहिली फेरी आंबोलीची करू नका. वजनकाट्याची पावती खिशात ठेवून हमरस्त्याने हिडकलपर्यंत जाऊन या. वाटेतल्या वंटमुरीच्या घाटात कॅम्पर कसा वागतो ते पाहा आणि परतल्यावर कॅम्परच्या दोन्ही चाकांचे बेअरिंग आणि ब्रेक हात लावून, तापले आहेत का ते तपासा.